सोयाबीनच्या बियाण्यासाठी यंत्रे निवडताना

सुगी सरली, बनीम मोडली आणि रास घरात आली म्हणजे शेतकऱ्याचे लक्ष साहजिकच बाजारभावाकडे वळते. परंतु त्याच राशीतील काही पोती पुढच्या मृगासाठी बाजूला काढावयाची असतात, आणि सोयाबीनच्या बाबतीत ह्या मोजक्या पोत्यांची काळजी उरलेल्या सबंध राशीहून अधिक घ्यावी लागते. ऑक्टोबरात मळलेले बी जूनमध्ये पेरावयाचे, म्हणजे मधले आठ महिने ते जिवंत राखावयाचे असते.

२०२० च्या खरिपाची आठवण अनेकांना असेल. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, ऐन काढणीच्या वेळी पाऊस झाला होता. पुढच्या पेरणीत सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात इतक्या आल्या की हा विषय उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. त्यानंतर घरचे बियाणे राखण्याकडे शेतकऱ्यांचा व कृषी खात्याचा ओढा वाढला. गावोगावी शेतकरी गट व उत्पादक कंपन्या बियाण्याचे काम हाती घेऊ लागल्या आणि त्यांच्यापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला : यंत्रे कोणती घ्यावी? ह्या प्रश्नाचे उत्तर बहुधा विक्रेत्याच्या माहितीपत्रकात शोधले जाते. ते आधी दाण्यात शोधले पाहिजे.

ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा थोडा आपटला तरी सहन करतो. सोयाबीनचे तसे नाही. त्याचे साल पातळ असते, आणि ज्या अंकुरापासून रोप होणार तो सालीच्या लगत, जवळजवळ उघड्यावरच बसलेला असतो. दाणा कठीण जागी आदळला तर साल तडकते, कधी अंकुरच दुखावतो. पुष्कळदा हा मार डोळ्यांना दिसत नाही. दाणा पिवळाधमक, गोल व टपोरा दिसतो. बाजारात त्याला भावही चांगला मिळतो. पण जमिनीत पडल्यावर तो कुजतो. म्हणून धान्यासाठी उत्तम असलेले यंत्र बियाण्यासाठीही उत्तम असेलच असे नाही.

आणखी एक अडचण आहे. फार ओला दाणा यंत्रात चेपतो व फार सुकलेला दाणा तडकतो. मळणीच्या वेळी दाण्यात तेरा ते चौदा टक्क्यांच्या आसपास ओल असेल तर मार कमीत कमी बसतो. परंतु साठवणीसाठी ती बारा टक्क्यांच्या आत आणावी लागते. प्रमाणित बियाण्याचा दंडक साध्या पोत्यासाठी हाच आहे. म्हणजे बियाणे टिकावे म्हणून वाळवायचे, आणि वाळवले की ते अधिक ठिसूळ होते. मळणीनंतरचे प्रत्येक यंत्र ह्या ठिसूळ दाण्याला कसे वागवते, हीच त्या यंत्राची परीक्षा होय.

मळणीयंत्र आणि त्याची गती

चाळणी, प्रतवारी इत्यादी यंत्रांची चर्चा पुष्कळ होते, परंतु बियाण्याचे सर्वांत अधिक नुकसान होते ते मळणीयंत्रात. आमच्याकडे ज्याला हडंबा म्हणतात त्यात. तेच यंत्र गव्हाला, हरभऱ्याला व सोयाबीनला चालवले जाते. मळणीचा ठेका घेणाऱ्याला वेळेची घाई असते आणि तो गती कमी करण्यास सहसा राजी नसतो. सोयाबीनच्या बियाण्यासाठी मात्र ढोलाचे फेरे मिनिटाला तीनशे ते चारशे इतकेच असावेत. काही शेंगा न फुटता भुसात गेल्या तरी चालेल. त्या पुन्हा मळून धान्यात घालता येतात.

गती कमी करणे म्हणजे इंजिनाचा आवाज उतरवणे नव्हे. तसे केल्यास पंख्याचाही जोर कमी होतो आणि कचरा दाण्यात राहतो. योग्य मार्ग पुली बदलण्याचा आहे. हिशेब सोपा आहे : चालवणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे, हा आकडा चालणाऱ्या पुलीचा व्यास गुणिले तिचे फेरे ह्याच्याइतका असतो. ट्रॅक्टरचा मागचा दांडा मिनिटाला ५४० फेरे फिरत असेल, त्यावरची पुली दहा इंचांची असेल आणि ढोल ४०० फेऱ्यांवर फिरवावयाचा असेल, तर ढोलाची पुली साडेतेरा इंचांची हवी. नवे मळणीयंत्र घेताना ढोलाची गती पंख्याहून वेगळी बदलता येते का, आणि जास्तीच्या पुल्या सोबत मिळतात का, हे आधी विचारावे. गटाजवळ फेरे मोजण्याचे एक लहान मापक असावे. त्याला फारसा खर्च येत नाही, आणि ठेकेदाराशी वाद घालण्याऐवजी त्याला आकडा दाखवता येतो.

मळणीयंत्राविषयी बोलताना एक गोष्ट सांगून टाकतो. ती बियाण्याची नाही, माणसांची आहे. पेंढी सरकवण्याची नाळ आखूड किंवा उघडी असलेले यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. साडीचा पदर, उपरण्याचे टोक अथवा सैल बाही ओढली गेल्याने हात गमावलेली माणसे आपण पाहिली आहेत. अशा यंत्रांसाठी १९८३ चा धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा आहे, आणि मळणीयंत्राच्या सुरक्षिततेसाठी आय. एस. ९०२० हे भारतीय मानक आहे. खरेदीच्या वेळी त्याची विचारणा करावी, आणि पट्ट्यांवर जाळी बसवलेली आहे की नाही हे स्वतः पाहावे.

ओल मोजणे व वाळवणे

बियाण्याच्या कामासाठी पहिली खरेदी कोणती, असे कोणी विचारले तर मी ओलमापक यंत्र सांगेन. ते हाताएवढे असते आणि त्याचा आवाज होत नाही, म्हणून उद्घाटनाला ते शोभत नाही. पण त्याच्यावाचून बाकीची सर्व यंत्रे आंधळी आहेत. बियाणे शास्त्रातील एक जुना ठोकताळा असा की, चौदा टक्क्यांच्या खाली, दाण्यातील ओल एक टक्क्याने कमी झाली म्हणजे बियाण्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते. अमेरिकेतील हॅरिंग्टन ह्या शास्त्रज्ञाने तो मांडला. चौदा टक्के ओलीचे बी आणि अकरा टक्के ओलीचे बी ह्यांत केवढे अंतर पडते हे त्यावरून कळेल. असा फरक दाताने चावून कळत नाही.

ओलमापक घेताना त्यात सोयाबीनसाठी स्वतंत्र मापन आहे ना, हे पाहावे. गव्हाच्या मापावर सोयाबीन मोजल्यास आकडा चुकतो. वर्षातून एकदा कृषी विज्ञान केंद्राच्या किंवा बीज परीक्षण प्रयोगशाळेच्या मापकाशी आपला मापक ताडून पाहावा.

वाळवण्यासाठी यंत्र हवेच असे नाही. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ऊन बहुधा पुरते. कमी पडते ती जागा. सोयाबीन दोन इंच जाडीच्या थरात पसरले तर एका चौरस मीटरवर सुमारे पस्तीस किलो मावते. तीस फूट लांब व वीस फूट रुंद ताडपत्रीवर एकोणीस-वीस क्विंटल वाळवता येईल. ह्या हिशेबाने आपल्याला किती ताडपत्र्या किंवा केवढे खळे लागेल ते काढावे. फरशीवर उघडे बी न पसरता ताडपत्री अंथरावी, आणि भर दुपारी उन्हाचा कडाका असेल तेव्हा बी गोळा करून झाकावे. उलथण्यासाठी लोखंडी फावडे नको. लाकडी फळी वापरावी. वाळवणी यंत्र घ्यावयाचेच असेल तर त्याची उष्णता त्रेचाळीस अंश सेल्सियसच्या वर जाऊ न देण्याची व्यवस्था त्यात हवी. धान्य वाळवण्याच्या यंत्रांत पुष्कळदा ती नसते.

किती मोठे यंत्र?

एका शेतकरी गटाच्या बैठकीत मी बसलो होतो. अनुदानाची संधी आली होती आणि तासाला दहा क्विंटल चाळणारा संच घ्यावा असा बहुतेकांचा कल होता. गटातील वयस्कर शेतकरी, ज्यांना सारे आबा म्हणत, ते बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी विचारले, “साहेब, आपल्याला पेरायला बी लागतं किती, ते कुणी मोजलंय का?” कोणीच मोजले नव्हते. तेव्हा तिथेच हिशेब मांडला.

गटाचे सोयाबीन चारशे एकर. एकरी तीस किलो धरले तर बी लागते बारा हजार किलो, म्हणजे एकशेवीस क्विंटल. निवडीत पाचवा हिस्सा बाजूला पडेल असे धरल्यास यंत्रातून दीडशे क्विंटल माल काढावा लागेल. दहा क्विंटलच्या यंत्राला हे काम पंधरा तासांचे. म्हणजे वर्षातील तीन दिवस ते चालणार व उरलेले दिवस त्याच्यावर कबुतरे बसणार. उलट, दिवसाला सहा तास धरून पंधरा दिवस काम केले तर ताशी पावणेदोन क्विंटलचे लहान यंत्रही पुरते. बियाण्याची निवड डिसेंबर-जानेवारीत सवडीने करता येते. तिला मळणीसारखी घाई नसते.

मोठे यंत्र नेहमीच चुकीचे असे मात्र नव्हे. तूर, हरभरा, गहू ह्यांचेही काम त्यावर करावयाचे असेल, शेजारच्या गावांचा माल भाड्याने चाळून द्यावयाचा असेल, तर हिशेब बदलतो. पण तो आकड्यांनी बदलला पाहिजे. यंत्राच्या माहितीपत्रकातील क्षमता बहुधा गव्हासाठी व स्वच्छ मालासाठी दिलेली असते. सोयाबीनच्या कचऱ्यासकट मालासाठी ती कमी धरावी. संचात चार यंत्रे एकापुढे एक असतील तर सबंध संचाचा वेग त्यांतील सर्वांत मंद यंत्राइतकाच राहतो, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. आणि गोदामात तिहेरी वीज आहे की नाही, ती दिवसा असते की रात्री, हे मोटारीच्या आधी पाहावे.

निवडीची यंत्रे

आपल्या बायाबापड्या सुपाने पाखडतात आणि चाळणीने चाळतात, तेच काम हवा-चाळणी यंत्र करते. वरच्या चाळणीवर काड्या व मोठा कचरा अडतो, खालच्या चाळणीतून बारीक दाणे, माती व तणांचे बी गळते आणि पंख्याची हवा हलके दाणे व भूस उडवते. एकच यंत्र घेण्याइतका पैसा असेल तर हेच घ्यावे. पण त्याची किंमत त्याच्या चाळण्यांत आहे. गोल छिद्राची चाळणी दाणा रुंदीवरून निवडते, लांबट छिद्राची जाडीवरून. डाळी पडलेले चपटे दाणे गोल छिद्राच्या चाळणीवर चांगल्या दाण्यांबरोबर राहतात, परंतु लांबट छिद्रातून निसटून खाली जातात. म्हणून सोयाबीनला खालची चाळणी लांबट छिद्राची लागते. साधारणपणे चार मिलिमीटरच्या आसपास. वाण व हंगाम ह्यांप्रमाणे माप थोडे पुढेमागे होते, म्हणून दोन-तीन मापांच्या चाळण्या यंत्राबरोबरच घ्याव्यात. ज्या वर्षी पावसाने ओढ दिली त्या वर्षी दाणा बारीक असतो. नेहमीची चाळणी लावली तर अर्धी रास खाली गळेल.

ह्याच्या जोडीला स्पायरल सेपरेटर हे अत्यंत साधे साधन आहे. मध्यभागी उभा दांडा आणि त्याभोवती जिन्यासारखी वळत उतरणारी पत्र्याची घसरण, एवढेच त्याचे अंग. वरून माल सोडला म्हणजे गोल दाणा गडगडत वेग घेतो आणि बाहेरच्या कडेवरून पलीकडच्या घसरणीत पडतो. तुटका दाणा, डाळ, चपटा खडा व काडी गडगडू शकत नाहीत. त्या आतल्या बाजूने हळूहळू घसरत वेगळ्या तोंडातून बाहेर येतात. मोटार नाही, पट्टा नाही, वीज नाही. दोन माणसे ते चालवू शकतात. अर्थात त्याला मर्यादा आहेत. गव्हाला त्याचा उपयोग नाही आणि चोच असलेल्या हरभऱ्यालाही ते नीट लागू पडत नाही. माल एकदम ओतला तर गोल दाणेही दाटीत अडकून आत राहतात, म्हणून धार बारीक ठेवावी लागते. विकत घेताना पत्रा हाताने चाचपून पाहावा. त्यावर पोचे असतील किंवा जोड उंचावलेले असतील तर दाणा तिथेच अडखळतो.

गुरुत्व विलगक, म्हणजे एकाच आकाराच्या दाण्यांतून वजनाने हलके दाणे वेगळे करणारे यंत्र, ह्याची शिफारस विक्रेते आग्रहाने करतात. यंत्र चांगले आहे. आतून किडलेला किंवा न भरलेला दाणा त्यानेच निघतो. पण त्याला आधी चाळून एकसारखा केलेला माल लागतो, हवा, उतार व हेलकावा ह्यांचा मेळ घालणारा जाणता चालक लागतो, आणि तो मेळ दर मालागणिक बदलतो. गावच्या गटाने सुरुवातीला त्यात पैसा गुंतवू नये. तालुक्याच्या ठिकाणी एखादे बीजप्रक्रिया केंद्र असेल तर गरजेपुरता माल तेथे भाड्याने करून आणणे परवडते.

माल वर नेण्याचे व खाली सोडण्याचे साधन

ह्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. एका ठिकाणी असे झाले की, ढिगातील नमुना उगवणीत चांगला उतरला, परंतु तेच बी पोत्यात भरल्यावर घेतलेला नमुना नापास झाला. चालकाने चाळणी यंत्राला दोष दिला, चाळण्या बदलल्या, काही फरक पडेना. मग प्रत्येक टप्प्यावरून मूठमूठ दाणे घेतले. तेव्हा दोष चाळणी यंत्राचा नसून त्याच्यापुढच्या बादलीच्या माळेचा आहे असे कळले. ती दाणे वेगाने वर नेऊन पत्र्याच्या उंच कोठीत भिरकावत होती. कोठी रिकामी असताना दाणा थेट तळाच्या लोखंडावर आदळे. माळेचा वेग कमी केला आणि कोठीत तिरप्या फळ्या टाकून दाणा पायऱ्यापायऱ्यांनी उतरेल असे केले, तेव्हा नुकसान थांबले. तोवर त्या हंगामातील बराचसा माल बियाणे म्हणून वाया गेला होता व तेलगिरणीला द्यावा लागला होता.

ह्यावरून निवड करताना पाहावयाच्या गोष्टी आपोआप ठरतात. नळीत फिरणाऱ्या मळसूत्राने माल ढकलणारे साधन सोयाबीनच्या बियाण्याला घेऊ नये. मळसूत्राची धार व नळी ह्यांच्या फटीत दाणा चिरडतो. सपाट पट्ट्याचे वाहक सर्वांत सौम्य. बादल्यांची माळ घेतलीच तर ती मंद चालणारी व दाणा फेकण्याऐवजी ओतणारी असावी. दाणा जेथे जेथे पडतो तेथे उंची कमी करावी आणि रबराचे अस्तर लावावे. जुन्या ट्यूबचा तुकडा ह्या कामी उत्तम. आणि हमालांनी पोती आपटू नयेत, हे सांगण्यास संकोच करू नये. माळेपेक्षा पाठीवरून नेलेले पोते अनेकदा बियाण्याला अधिक मानवते.

दुसरी गोष्ट सफाईची. जेएस ३३५ चे दाणे यंत्राच्या कोपऱ्यात उरले आणि त्यावर एमएयूएस ७१ चा माल सोडला, तर सारख्या आकाराचे हे पिवळे दाणे पुन्हा वेगळे करणारी चाळणी कोणाकडेही नाही. भेसळ शेतात उभी राहिल्यावरच दिसते. म्हणून माळेच्या तळाशी उघडता येणारे झाकण, चाळण्या हाताने बाहेर काढता येण्याची सोय आणि आतपर्यंत हात पोचेल अशी रचना ज्या यंत्रात आहे ते, थोडे महाग असले तरी, घ्यावे. दर वाण बदलताना यंत्र साफ करण्यास किती वेळ लागतो हे विक्रेत्याला तोंडाने न विचारता प्रत्यक्ष उघडून दाखवावयास सांगावे.

पैसे देण्यापूर्वीची चाचणी

यंत्र विकत घेण्यापूर्वी आपल्याच राशीतील दोन पोती त्यावर चालवून पाहावीत. विक्रेत्याने आणलेला स्वच्छ नमुना कामाचा नाही. यंत्रात जाण्यापूर्वीचा व बाहेर आल्यानंतरचा असे दोन नमुने घ्यावे आणि प्रत्येकातील अखंड दिसणारे शंभर-शंभर दाणे पाण्यात दहा मिनिटे भिजवावे. साल तडकलेला दाणा तेवढ्यात भराभर पाणी शोषून फुगतो. धड दाणा जवळजवळ तसाच राहतो. फुगलेले दाणे दुसऱ्या नमुन्यात वाढलेले दिसले, तर यंत्राने मार दिला हे तिथल्या तिथे सिद्ध होते. मग ओल्या गोणपाटात शंभर दाणे दहा-दहांच्या ओळींनी मांडून, गुंडाळी करून, सावलीत सात-आठ दिवस ओलसर ठेवावी आणि निकोप मोड मोजावे. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी उगवण किमान सत्तर टक्के लागते. ही कसोटी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटातील स्त्रियांनाही शिकवावी. घरचे बी राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच हातून होत आले आहे.

बीजप्रक्रियेचा ढोल हातचालीचा, वीस-चाळीस किलो मावणारा पुरतो. तो ह्याच एका कामासाठी ठेवावा, खाण्याच्या धान्याला लावू नये. औषध पेरणीच्या तोंडावर चोळावे. आधी चोळलेले बी उरले तर ते बाजारातही नेता येत नाही व जनावरांनाही घालता येत नाही.

२००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदल करण्याचा व विकण्याचाही हक्क दिला. मात्र संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पिशवीत घालून विकण्याची मुभा त्यात नाही. गटाला पुढे लेबल लावून विक्री करावयाची असेल तर परवाना व प्रमाणीकरण ह्यांच्या अटी आधी समजून घ्याव्या, कारण त्याप्रमाणे यंत्रांची यादीही बदलते.

वर सांगितलेल्या गटाने त्या वर्षी मोठा संच घेतला नाही. ओलमापक, सहा ताडपत्र्या, चाळण्यांच्या तीन जोड्यांसह लहान हवा-चाळणी यंत्र, एक स्पायरल सेपरेटर आणि पोती जमिनीपासून उंच ठेवण्यासाठी लाकडी फळ्या, एवढीच खरेदी झाली. माळ घेतली नाही. चाळणी यंत्र ओट्यावर बसवले, म्हणजे माल एकदाच वर न्यावा लागतो व पुढे आपल्या वजनानेच उतरतो. थप्पी पाच पोत्यांहून उंच लावावयाची नाही, असे आबांनी भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे.